तांडेल सिस्टरांचा संशय

तांडेल सिस्टरांना कुणी नमस्कार केला, की त्या आधी त्याच्या नखांकडे बघायच्या. नमस्कार नंतर. जोडलेल्या हातांतला एक हात त्या सरळ ओढून घ्यायच्या, अंगठ्याचं नख दाबायच्या, सोडायच्या, आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघायच्या. मग म्हणायच्या, "हं. नमस्कार." सरपंचांचं नख त्यांनी भर ग्रामसभेत असं दाबलेलं मी पाहिलं आहे. सरपंच चांगलेच ओशाळले होते, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप उपकेंद्रात रक्त तपासायला आले होते.

सिस्टर मूळच्या चिंचणीच्या. त्यांची आई बाजारात मासे विकायची, आणि सिस्टरांचं सगळं तत्त्वज्ञान त्या टोपलीतून आलेलं होतं. "माझी आय सांगायची, विकणारी बाय काय बोलते ते ऐकू नको. कल्ला उघडून बघ. लाल असंल तर घे, नायतर पुढं चल." त्यांनी जन्मभर हेच केलं. तलासरी तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरच्या उपकेंद्रात त्या वर्षानुवर्षं नर्स होत्या. लशींच्या पेटीतला बर्फ, साबणाची वडी, थर्मामीटर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, 'मी गोळ्या घेते' असं सांगणारी गरोदर बाई आणि 'मी तिला काम करू देत नाही' असं सांगणारा तिचा नवरा, यांतल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता. लोक म्हणायचे, बाई संशयी आहे. होत्याच. गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा स्मशानातसुद्धा कुणीतरी हळूच म्हणालं, "वरती गेल्यावर आधी देवाचं नख दाबतील."

माझी शाळा उपकेंद्राला लागून होती. मी डहाणूहून शेअर गाडीने यायची. नवरा डहाणू स्टेशनवर सिग्नलच्या कामाला, घरी सासूबाई. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तिसरा महिना चालू होता आणि हे शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. एके दिवशी सिस्टर मुलांना इंजेक्शनं द्यायला आल्या. मी नमस्कार केला. माझं नख दाबून त्या तशाच थांबल्या.

"कितवा महिना?"

मी चाट पडले. खोटं बोलायची सोय नव्हती. "तिसरा."

"लाल गोळी खातेस?"

"हो, रोज."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वर्गाच्या दारात जास्वंदाची कुंडी होती, तिथे जाऊन त्यांनी बॉलपेनाने माती उकरली. सहा गोळ्या निघाल्या. त्या गोळीने मला मळमळायचं, म्हणून डबा खाल्ल्यावर मी ती कुंडीत दाबत होते. सिस्टरांनी सहाही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "जास्वंदाला रक्त भरपूर हाय, मास्तरीण बाय. आता तू खा."

मला त्यांचा भयंकर राग आला. मुलं हसत होती. त्या दिवसापासून मी गोळ्या खाल्ल्या, पण त्या बाईपासून चार हात लांब राहायचं हेही ठरवून टाकलं. त्यातच शाळेतल्या एका बाईंनी माझ्या कानावर घातलं की तांडेल सिस्टर जरा काही झालं की केस वर पाठवतात, आणि वर पाठवतात म्हणजे कुणाशी तरी साटंलोटं असणारच. मला हे लगेच पटलं. ज्याच्यावर आपला राग असतो त्याच्याबद्दलचं वाईट आपण तपासून घेत नाही.

नववा महिना लागायच्या सुमाराला मी रजेचा अर्ज द्यायला शाळेत गेले, तर सिस्टर अंगणातच भेटल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्या वेळी फारच विचित्र वाटला.

"लाथ कुठं लागते? वर की खाली?"

"खाली. इतकी जोरात लागते की सारखं बाथरूमला पळावं लागतं," मी हसत म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला उपकेंद्रातल्या टेबलावर झोपवलं. हात धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि डोळे मिटून माझ्या पोटावर ठेवले. वर बरगडीखाली काहीतरी गोल आणि टणक होतं, ते त्यांनी दोन बोटांत धरून हलवून बघितलं. मग हात खाली आले. तिथेही त्यांनी तसंच चाचपलं. मग माझाच हात घेऊन त्यांनी ओटीपोटावर एका जागी दाबला. "ही टाच. समजते?" आतून खरंच काहीतरी छोटंसं, कडक, माझ्या बोटांखालून सरकलं.

"डोकं वर हाय. ढुंगण आणि पाय खाली," त्या म्हणाल्या. मग बाहेर जाऊन हात पुन्हा धुऊन आल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. तिसऱ्यांदाही तपासलं. मी वैतागून म्हणाले, "सिस्टर, सांगितलंत ना एकदा?"

"मी सांगितलं म्हणजे काय? माझ्या हातावर माझापण विश्वास नाय. डहाणूला जाऊन सोनोग्राफी कर. आजच."

सोनोग्राफीत तेच निघालं. डहाणूचे आमचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, बरीच बाळं शेवटी शेवटी आपणहून फिरतात, पण आता जागा कमी होत चालली आहे. बाहेरून हाताने फिरवून बघणारे डॉक्टर असतात, माझ्याकडे ती सोय नाही. नाही फिरलं तर एकोणचाळीस आठवडे भरले की सिझेरियन करू. इथे सासूबाईंनी तोंड उघडलं. एकोणचाळीस आठवडे ऐन पितृपक्षात भरत होते. पहिलं नातवंड पितरांच्या पंधरवड्यात, तेही आपण तारीख ठरवून? त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून लागून अनंत चतुर्दशीच्या आदला दिवस मिळवला. भटजींनी वेळही काढून दिली. मला मनातून बरंच वाटलं होतं. एकदाचं काय ते होऊन जाईल.

कागद बघायला मागितला म्हणून मी सिस्टरांना दाखवला. त्यांनी बोटांच्या पेरांवर आठवडे मोजले.

"ही तारीख कुणी काढली? डॉक्टरनं का भटजीनं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सदतीस भरतात त्या दिवशी. काय त्रास नाय, रक्तदाब नाय, मग दोन आठवडे आधी कशाला? तुझ्या सासूची चिखल्याला वाडी हाय नी? तिला सांग, चिकू आधी तोडून पेंढ्यात पिकवता येतो. पोर नाय."

हे मी घरी सांगितलं आणि घरात वादळ झालं. सासूबाई म्हणाल्या, ती नर्स स्वतःला डॉक्टर समजते का? नवरा म्हणाला, "तिला तुला कुठेतरी तिच्या ओळखीच्या ठिकाणी पाठवायचं असेल, बघ." माझ्याही मनात तेच होतं. पण चिकूची गोष्ट मात्र सासूबाईंच्या डोक्यात कुठेतरी अडकली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्या तारखेबद्दल काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "चल, दोन दिवस चिखल्याला जाऊ. जरा हवापालट."

हवापालट कसला! त्यांच्या माहेरी लाडकीआजी येऊन बसलेली होती. तिथल्या पाड्यावरची जुनी सुईण. सासूबाईंच्या दोन्ही बाळंतपणांना तीच होती. तिने तेल गरम केलं आणि माझ्या पोटावरून हात फिरवला. हात इतका हलका की मला झोप येऊ लागली. मग तिने सासूबाईंना ओसरीवर नेलं आणि काहीतरी सांगितलं. सासूबाई परत येऊन म्हणाल्या, "फिरलंय म्हणते. देव पावला." मी रडले. आनंदानेच.

डहाणूला परतल्यावर मी आपणहून उपकेंद्रात गेले. खरं सांगायचं तर सिस्टरांची जिरवायला गेले होते. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलून बोटं हुंगली.

"तेल कुणी लावलं?"

"मीच. कातडी ताणते म्हणून. खोबरेल."

"यात ओवा हाय. ओव्याचं तेल बाई स्वतःच्या पोटाला कधीपासून लावायला लागली?"

मी तेच खोटं पुन्हा सांगितलं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, आणि त्याने मी जास्त घाबरले. कुणी पोट दाबलं का? ढकललं का? तेव्हापासून दुखतंय? अंगावरून काही गेलं? बाळ काल हललं तसं आज हललं? एकेक प्रश्न दोन दोनदा. मग ठोक्यांचं यंत्र पोटावर धरून, घड्याळाकडे बघत त्या अर्धा तास तशाच उभ्या राहिल्या. खुर्ची शेजारी होती, बसल्या नाहीत. त्या अर्ध्या तासात कधीतरी मी सगळं सांगून टाकलं. चिखलं, लाडकीआजी, सगळं.

"ठोके बरे हायत," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि डोकं वरच हाय. काय फिरलं नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, आत वार असते. उगाच कुणी जोर लावला आणि ती सुटली, तर रक्त आतल्या आत जातं. तुला मी भीती घालत नाय. पण मला खोटं सांगू नको. मी आधीच सगळ्यांवर संशय घेते, त्यात तुझी भर नको."

त्या दिवशीच त्यांनी मला सोनोग्राफीला पाठवलं. सगळं ठीक निघालं. पण सिस्टरांना चैन कसली? दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चिखल्याला जाऊन लाडकीआजीसमोर बसल्या. हे मला नंतर लाडकीआजीनेच सांगितलं. ती म्हणाली होती, "मी नाय फिरवला, नुस्ता तेल लावला. डोका वर हाय ते मना समजला. हिच्या सासूला मी सांगितला, दवाखान्यान ने." म्हणजे आजीने खरं सांगितलं होतं. 'फिरलंय' हे सासूबाईंचं. घरी हे उघड झालं तेव्हा सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मला वाटलं, हिला धीर येईल. धीर आला की बाळ आपोआप फिरेल." माझं सगळं आयुष्य त्या धिरावर टांगलेलं होतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सिस्टर लाडकीआजीबद्दल एवढंच म्हणाल्या, "तिचा हात चांगला हाय. पण तिच्याकडं मशीन नाय आणि माझ्याकडंपण नाय. आम्ही दोघी आंधळ्याच." मग त्यांनी पर्समधून घडी पडून फाटायला आलेली एक चिठ्ठी काढली. वलसाडकडच्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव होतं. "तिथं बाहेरून फिरवायचा प्रयत्न करतात. ठोके समोर दिसतात, आणि काय बिघडलं तर लगेच पोट उघडायची तयारी शेजारच्या खोलीत असते. फिरवायचं असंल तर तिथंच. नायतर नको."

घ्या! आली ना ओळखीची जागा? माझ्या नवऱ्याने माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. पण आमच्या डहाणूच्या डॉक्टरांनीही नाव ऐकून मान डोलावली, तेव्हा आम्ही निघालो. सिस्टरांनी रजा टाकली होती. कडक इस्त्रीची निळी साडी नेसून त्या आमच्या गाडीत येऊन बसल्या, कुणी बोलावलेलं नसताना. रस्ताभर माझा नवरा आरशातून त्यांच्यावर नजर ठेवून होता.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्या चुकल्या. डावीकडे जायचं तर उजवीकडच्या एक्स-रेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांना अडवलं. "आप कौन? पेशंट के साथ एक ही आदमी." सिस्टर म्हणाल्या, "मैं सिस्टर." ती म्हणाली, "कौन से हॉस्पिटल की?" त्यांनी आमच्या पाड्याचं नाव सांगितलं. त्या मुलीने ते आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिने सिस्टरांना बाकावर बसायला सांगितलं. तिथे त्यांना कुणीही ओळखत नव्हतं. ती चिठ्ठी त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणात लिहून घेतली होती आणि कधीतरी कुणाला तरी लागेल म्हणून पर्समध्ये जपली होती. बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या त्या बाईकडे बघून मला माझीच लाज वाटली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्वतः उठला, काउंटरवर जाऊन भांडला आणि म्हणाला, "मी बाहेर थांबतो. आत ह्या जातील."

आत डॉक्टरबेननी आधी सोनोग्राफी केली. वार कुठे आहे, पाणी पुरेसं आहे का, बाळाची मान कशी आहे. गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं. मग दोन्ही हातांनी, एक डोक्याशी, एक खाली, त्या बाळाला हळूहळू ढकलू लागल्या. कणीक दाबावी तसा तो जोर होता, दुखणं कमी आणि गुदमरणं जास्त. बाळ अर्ध्यावर आलं, आडवं झालं, आणि सरकन पुन्हा होतं तिथे गेलं. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी यंत्रातला ठोक्यांचा आवाज एकदम संथ झाला. डॉक्टरबेनचे हात त्याच क्षणी वर उचलले गेले. सिस्टर कागदावरच्या रेघेकडे बघत माझं नख दाबून उभ्या होत्या. मिनिटभरात ठोके पूर्ववत झाले. ते मिनिट मी कधीही विसरणार नाही.

"बाळक ना पाडे छे, बेन," डॉक्टरबेन म्हणाल्या. बाळ नाही म्हणतंय. "निम्म्या वेळेला फिरतं, निम्म्या वेळेला नाही. आता जबरदस्ती नको." मग त्यांनी समजावलं. वाट बघता येईल, अजूनही आपणहून फिरू शकतं. पायाळू बाळाचं नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं, पण त्यात हात बसलेली माणसं लागतात, पूर्ण वेळ लक्ष लागतं, आणि तुमच्या बाळाची पावलं खाली आहेत म्हणून त्या बाजूने मी फार आग्रह धरणार नाही. किंवा एकोणचाळीस आठवडे भरल्यावर सिझेरियन. घरी जा, विचार करा, फोन करा.

परतीच्या वाटेवर मी सिस्टरांना म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

"मी नाय सांगणार."

"का?"

"मी सांगितलं आणि चुकलं तर तू मला शिव्या देशील. बरोबर आलं तर पुढच्या वेळी डोळे मिटून ऐकशील. दुसरं जास्त वाईट."

मग तलासरीपर्यंत त्या प्रश्न विचारत राहिल्या. कळा सुरू झाल्या तर घरातून वलसाडला पोचायला किती वेळ लागेल? हायवेला ट्रक अडकले असले तर? कळांआधी पाणीच गेलं आणि पावलांच्या शेजारून नाळ खाली आली तर त्या वेळी तू कुठे असशील, गाडीत? प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिलं, आणि उत्तर देता देता माझा निर्णय झाला. एकोणचाळीस आठवडे. सिझेरियन. वलसाडलाच. निर्णय माझा होता, हे मला आजही बरं वाटतं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, म्हणजे आमच्या अबोल्यांची फिटंफाट झाली. तिसऱ्या दिवशी नैवेद्याची पानं वाढताना त्याच म्हणाल्या, "पितृपक्षातच यायचं म्हणतंय तर येऊ दे. घरातलंच कुणी मोठं माणूस परत येत असेल."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरांचा फोन आला. "परत बघितलं? आज? कालचं सांगू नको. डोकं खाली गेलं असंल तर उगाच पोट कापून घेशील." मी डॉक्टरबेनना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या आम्ही बघतोच, आणि यंत्र लावून दाखवलं. डोकं तिथेच, डाव्या बरगडीखाली. तासाभरात मुलगी झाली. रडणं खणखणीत. सगळे निवांत झाले. नवऱ्याने पेढे वाटले, सासूबाईंनी तिच्यात त्यांच्या सासूबाईंचं नाक शोधून काढलं.

निवांत झाल्या नाहीत त्या फक्त सिस्टर. बाराव्या दिवशी त्या डहाणूला आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी बाळाला न्हाऊमाखू घालून, पाय सरळ करून, दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलं होतं. अगदी टोकापासून टोकापर्यंत. "पोटात पाय दुमडून बसली होती ना इतके दिवस," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आता सरळ करायला नकोत?"

"सोडा," सिस्टर म्हणाल्या. "मला कल्ला बघू दे."

त्यांनी हात गरम केले, बाळाचे गुडघे दुमडले आणि दोन्ही पाय बाजूंना अलगद उघडले. पुन्हा उघडले. बाहेर जाऊन हात धुऊन आल्या आणि तिसऱ्यांदा उघडले. मला आता तो क्रम पाठ होता.

"डावा जरा कमी उघडतो असं मला वाटतं. वाटतं म्हणजे खरं नाय. पायाळू बाळाचा खुबा कधी कधी कच्चा असतो. फोटो काढायला पायजे."

आम्ही दवाखान्याचं कार्ड काढलं. त्यावर ती ओळ होती: सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी. घरातल्या एकानेही ते कार्ड पहिल्या पानापुढे वाचलं नव्हतं. मी शिक्षिका. रोज मुलांना सांगते, प्रश्न शेवटपर्यंत वाचा.

सोनोग्राफीत डाव्या खुब्याची वाटी उथळ निघाली. लवकर कळलं म्हणून नुसत्या मऊ पट्ट्यांवर भागलं, असं डॉक्टर म्हणाले. चालायला लागल्यावर कळलं असतं तर ऑपरेशन, नाहीतर जन्माचं लंगडणं. तीन महिने माझी मुलगी बेडकासारखे पाय फाकवून पट्ट्यांत राहिली. सासूबाईंनी ते दुपटं स्वतःच्या हाताने ट्रंकेच्या तळाशी टाकलं. सिस्टर येता जाता म्हणायच्या, "पाड्यावरच्या बायका कशा पोर कडेवर घेतात, पाय दोन्हीकडं? तसं घे. त्यांना कुणी शिकवलं नाय, तरी बरोबर करतात." पट्टे सुटले. पोरगी चौदाव्या महिन्यात चालली. सिस्टर तरी प्रत्येक भेटीत तिला झोपवून पाय उघडून बघायच्याच.

आमच्याकडे असं मानतात की पायाळू माणसाने कमरेवर लाथ मारली की भरलेली उसण उतरते. माझी मुलगी सिझेरियनने काढलेली, पण सासूबाईंनी तिला पायाळू जाहीर करून टाकलं होतं, आणि आळीतले चार लोक तिच्याकडून लाथा खाऊन बरेही झाले होते. सिस्टरांना याचा संताप. "पोट कापून काढली तिला कसली पायाळू? आणि असली तरी लाथेनं कंबर बरी होते काय?"

त्या निवृत्त होऊन चिंचणीला गेल्यावर एकदा आम्ही भेटायला गेलो. मुलगी पाच वर्षांची झाली होती. सिस्टर अंगणात बोंबील उलटत होत्या आणि उठताना कमरेला हात लावत होत्या. पाड्यापाड्यांवर वाकून वाकून कंबर गेली होती. चहा झाला. मग त्यांनी चटई अंथरली, त्यावर पालथ्या पडल्या आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, "ये गं. आजीच्या कमरेवर उभी राहा."

मी थक्क झाले. "सिस्टर, तुम्ही? तुमचा यावर विश्वास आहे?"

"नाय. पण बघायला काय जातं?"

मुलगी खिडकीचा गज धरून, हसत, जपून वर चढली.

"आता नुसत्या उजव्या पायावर," सिस्टर चटईत तोंड खुपसून म्हणाल्या. तिने डावा उचलला. "थांब तशीच. आता डाव्यावर. घाई नको. परत उजव्यावर." त्यांनी डोळे मिटले होते. तेव्हा मला कळलं. ते मिटलेले डोळे मी उपकेंद्रातल्या टेबलावर पडून बघितले होते.

त्यांनी तिला तिसऱ्यांदा एकेका पायावर उभं केलं. मग उतरवलं.

"कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"कंबर काय, तशीच हाय." त्या कण्हत उठून बसल्या. "पण भार दोन्हीकडं सारखा पडतो. आता बरं वाटलं." मग मुलीचा हात ओढून तिचं नख दाबता दाबता म्हणाल्या, "तरी शाळेत धावते तेव्हा मागनं बघत जा."

मी अजून बघते.